बाबांचं दाढीचं मशीन

आज हनुवटीवर दोन ठिकाणी तुरटी फिरवून ऑफिसला गेलो. कारण, माळ्यावर सापडलेलं बाबांचं जुनं दाढीचं मशीन! मूठ पिरगाळली की वरची दोन दारं उघडतात, आत दुधारी ब्लेड ठेवायचं, उलटं फिरवून बंद. बस्स.

पंधरा वर्षं कार्ट्रिजवाल्या रेझरची सवय, त्यामुळे हात आपोआप दाबूनच चालतो. तिथेच फसलो. इथे जोर द्यायचाच नाही, मशीनच्या वजनानेच काम होतं. कोन साधारण ३० अंशांचा धरायचा. गालांवर जमलं. हनुवटीच्या वळणावर घाई नडली. (नाकाखाली न्यायचा धीर झाला नाही, उद्या बघू.)

वापरून फेकायच्या ब्लेडच्या या रेझरचं पेटंट किंग कॅम्प जिलेटला १९०४ मध्ये मिळालं. आणि मी इतकी वर्षं कार्ट्रिजला शेकडो रुपये मोजत होतो! काल किराणा दुकानात ब्लेडची पाकिटं मागितली तर दुकानदार म्हणाला, "काय साहेब, सलून काढताय की काय?"

ब्रशने फेस करताना बाबा आरशासमोर गाल फुगवायचे. मीही फुगवला. लेक दारात उभी राहून खुदुखुदु हसत होती.