कोलोराडोचा एल्क टॅग: माझा दोन वर्षांचा अनुभव

माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. पीक राखायला परवाना होता, आणि रानडुकरांच्या गोष्टी ऐकतच मी साताऱ्याकडे लहानाची मोठी झाले. १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद झाली, ते बरंच झालं. म्हणून डॅलसमधल्या शेजाऱ्यांनी, सत्तरीतल्या एका गृहस्थांनी, "पुढच्या वर्षी माझ्यासोबत कोलोराडोला एल्कच्या शिकारीला ये" म्हटलं, तेव्हा मी दोन दिवस काहीच उत्तर दिलं नाही.

आईला फोनवर सांगितलं, एल्क म्हणजे तिकडचं मोठं हरीण. "अगं, सांबराएवढं जनावर? कशाला?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता सांगता येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोराडोतले एल्क जवळजवळ संपले होते. वायोमिंगहून आणून सोडावे लागले. आज एल्कची सर्वांत मोठी संख्या याच राज्यात आहे. दरवर्षी कळपांचा अंदाज घेऊन कुठल्या युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागात, किती जनावरं कमी करायची ते ठरतं आणि त्यानुसार टॅग, म्हणजे एकेक जनावर मारायचे परवाने, निघतात. वन्यजीव खात्याचं काम मोठ्या प्रमाणावर या परवान्यांच्या पैशावर चालतं. शिवाय १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्राचा करही याच कामासाठी राज्यांना मिळतो. हे कळल्यावर माझ्या मनातली अढी गेली.

व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. एच-वनवर नुसती बंदूक बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. माझं ग्रीन कार्ड झालेलं होतं, तरी वकिलाला विचारूनच पुढे गेले. टेक्सासचा हंटर एज्युकेशनचा कोर्स ऑनलाइन केला. कोर्स पूर्ण केल्याचं कार्ड कोलोराडोत चालतं.

टॅगच्या सोडतीचे अर्ज मार्चमध्ये सुरू होतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बंद. त्याआधी छोट्या शिकारीचा वगैरे एखादा पात्र परवाना विकत घ्यावाच लागतो, तो परत मिळत नाही. मग हंट कोड, म्हणजे हवा तो टॅग सांगणारी अक्षरं-आकडे. एल्कचा ई, मादीचा एफ, तीन आकडी युनिट, हंगामाचा ओ-वन, रायफलचा आर. तो 'ओ' अक्षर आहे, शून्य नाही. मी पहिल्यांदा शून्य टाकून अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसले होते.

२०२३ मध्ये मी चुकले. वायव्य कोपऱ्यातल्या २०१ युनिटचे मोठे नर फोटोंत पाहिले आणि तेच पहिल्या पसंतीला टाकलं. तिथे लोक वीस-वीस वर्षं पॉइंट, म्हणजे सोडतीत पुढचा नंबर मिळवून देणारे गुण, साठवतात, माझ्याकडे शून्य. बाकीच्या तीन पसंती रिकाम्या ठेवल्या. टॅग अर्थातच नाही, पण पहिली पसंती हुकली की एक प्रेफरन्स पॉइंट मिळतो, तो मिळाला. दुसरी-तिसरी पसंती लागली तर पॉइंट खर्च होत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. म्हणजे खाली एखादं सोपं युनिट लिहून ठेवलं असतं, तर त्याच वर्षी डोंगरात गेले असते.

२०२४ ला शेजारीकाकांच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसलो. बाहेरच्या राज्यांतल्यांचा कोटा त्या वर्षापासून पंचवीस टक्क्यांवर आला होता, म्हणून नराचा हट्ट सोडला. मीकर गावाच्या पूर्वेला फ्लॅट टॉप्सचं पठार आहे, बहुतेक सरकारी जंगल. तिथला मादीचा टॅग, पहिला रायफल हंगाम, पाच दिवस. निकाल आला तेव्हा मी ऑफिसात होते. कार्डावरून पाचशेच्या वर डॉलर कापल्याचा मेसेज आधी आला आणि त्यावरूनच कळलं.

मग उन्हाळाभर पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन पार्किंगचे जिने. मीकर गावच कळसूबाईपेक्षा उंच, आणि आमचा तंबू त्याहूनही तीनेक हजार फूट वर. डॅलसच्या सपाटीवर राहून याची तयारी कशी करायची, ही मला सगळ्यात अवघड गोष्ट वाटली. रायफल मात्र दर रविवारी रेंजवर. दोनशे यार्डांपलीकडे मी नेम धरणार नाही, हे तिथेच ठरवलं. जखमी जनावर रानात सोडून यायची कल्पनाच सहन होत नव्हती.

चौथ्या दिवशी पहाटे ॲस्पेनच्या झाडांच्या कडेला सहा माद्या दिसल्या. एकशे चाळीस यार्ड. वाऱ्याची दिशा बरोबर होती. एक गोळी.

जवळ जाऊन गुडघ्यावर बसले. मानेवरचे केस दाट, खरखरीत, अजून उबदार. बराच वेळ हात तसाच ठेवला. काका मागे उभे होते, बोलले नाहीत. मग म्हणाले, "टॅग." तारीख घालून, सही करून तो तिथेच फाडायचा आणि मांसाला बांधायचा असतो. खिशातला पेन थंडीने चालेना. तळहातात घोळवला, फुंकर मारली, तिसऱ्या प्रयत्नाला शाई उतरली. मादी असल्याची खूण कापताना वेगळी होऊ द्यायची नसते, म्हणून ज्या तुकड्यावर ती होती त्यालाच टॅग बांधला.

खाली आणायला तीन फेऱ्या लागल्या. टेक्सासात मेंदू आणि पाठीचा कणा आणता येत नाही, ते तिथेच राहिलं. दिवाळीत आईशी बोलताना फ्रीजरमध्ये मांसाची पाकिटं होती. तिने विचारलं, "शिजवलंस कसं?" काळ्या मसाल्यात, म्हटलं. कांदा-खोबरं भाजून.