बसलेल्या माणसाचं माप: आमची वाटचाल

दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा अंगठा सायकलच्या शॉर्ट्सच्या आतल्या पॅडमध्ये रुततो. दाबून बघतात, "मस्त मऊ आहे" म्हणतात आणि याहून जाड आहे का विचारतात. मी त्यांना हसत नाही. २०२० पर्यंत मलाही सायकलच्या शॉर्ट्सबद्दल एवढंच माहीत होतं, की ती काळी असते आणि महाग असते.

आमचं मूळ काम शाळेच्या गणवेशांचं. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या त्या काळात सासऱ्यांनी रामबागेतल्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत तीन मशिनं टाकली. कापड एम. टी. क्लॉथ मार्केटमधून यायचं (महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट असं पूर्ण नाव घेताना मी इंदुरात तरी कुणाला ऐकलं नाही). मी लग्न होऊन आले तेव्हा मशिनं नऊ झाली होती. एप्रिल ते जून जेवायला फुरसत नसायची, बाकी वर्ष स्वेटर, टाय आणि उधारी वसूल करणं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. कापून ठेवलेले बाह्यांचे, कॉलरींचे गठ्ठे तसेच बांधलेले राहिले. मास्क शिवले, पण मास्क त्या वर्षी सगळेच शिवत होते. शहर थोडं उघडलं तसे लोक सायकली घेऊन बाहेर पडले. सकाळी सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर जत्रा. दिराचा मुलगाही त्यात. एके दिवशी तो मांडीपाशी शिवण उसवलेली परदेशी शॉर्ट्स घेऊन आला. "काकू, एवढी शिवून दे ना. साडेचार हजारांची आहे."

साडेचार हजार! शिवायच्या आधी मी ती उलटी करून टेबलावर पसरली. आठ तुकडे. एकही शिवण मांडीच्या आत, जिथे सीट घासते तिथे जाड नाही. सगळ्या शिवणी चपट्या, बोट फिरवलं तर लागत नाहीत. आणि मधोमध ते पॅड, कडेला पातळ, मागे दोन ठिकाणी जाड, मधे एक खाच. आमचे कटिंग मास्टर शेजारी उभे होते. सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. म्हणाले, "भाभीजी, है तो चड्डी ही. इसमें क्या है?"

तेच पुढे दोन वर्षं आम्ही शिकत होतो.

पहिला तागा सुरतेचा, चारी बाजूंनी ताणणारी लायक्रा. दुपारी आला, संध्याकाळी कापला. सकाळी बघतो तर लार्जचे तुकडे मीडियमवर उतरलेले. लायक्रा ताग्यावर गुंडाळताना ताणली जाते आणि मोकळी झाली की हळूहळू मूळ जागी येते. टेरिकॉटवर आयुष्य काढलेल्या आमच्या मास्टरांना हे कसं कळणार? आता कापड आदल्या रात्री टेबलावर सैल पसरून ठेवतो. "सुला दो इसको," असं मास्टर कारीगरांना सांगतात. मग सुईचं प्रकरण. नेहमीची टोकदार सुई लायक्राचा धागा तोडते, धुतल्यावर शिवणीलगत बारीक भोकं दिसायला लागतात. गोल टोकाची सुई लागते, ती धाग्याला बाजूला सारून जाते. आणि साधी सरळ टीप तर चालतच नाही. पुतण्या आमची पहिली शॉर्ट्स घालून हँडलवर वाकला आणि तटतट आवाज आला. शेवटी एक सेकंडहँड फ्लॅटलॉक मशीन घेतलं, तेव्हा कुठे शिवण चपटी बसली.

पण खरी फजिती पुढे होती. पॅड आम्ही शिवत नाही, तयार साच्यातलं घेतो. बाजारात मिळालं त्यातलं सगळ्यात जाड निवडलं, कारण अंगठा आम्हीही दाबला होता! सहा नग करून पुतण्याला आणि त्याच्या मित्रांना दिले. रविवारी पोरं खंडवा रोडनं चोरलला जाऊन आली. सगळे परत आले, पण नीट चालत कुणी आलं नाही. एकाच्या मांडीच्या आत लालभडक चट्टा. दुसरा म्हणाला, "काकू, पॅड पुढेच राहतंय, बुडाची हाडं सीटवरच आपटतायत."

मास्टरांनी टेप लावला. पॅड बरोब्बर मधोमध होतं. मग पुतण्याच म्हणाला, मी सायकल आत आणतो. कापलेल्या गठ्ठ्यांच्या मधोमध सायकल स्टँडवर लावली, तो चढून हँडल धरून वाकला आणि मास्टर खडू घेऊन मागे गेले. बराच वेळ बघत राहिले. कंबरेचं इलॅस्टिक मागून चार बोटं खाली ओढलं गेलं होतं, पुढे पोटावर कापडाची वळकटी. त्यांनी खडूनं दोन गोल काढले, हाडं टेकतात तिथे. पॅडचा जाड भाग त्या गोलांच्या पुढे दोन बोटं पडत होता.

"पूरी जिंदगी खड़े आदमी का नाप लिया, भाभीजी," ते म्हणाले. "ये तो बैठा हुआ है."

त्या दिवशी सगळे पेपर पॅटर्न फाडले. मागचा भाग दीड इंच उंच केला, पुढचा उतरवला, पॅड मागे सरकवलं. पॅड सपाट कापडावर शिवलं तर बसल्यावर त्याला चुण्या पडतात आणि त्या चुणीनंच चट्टा उठतो, म्हणून तुकडा वाकवून, ताणून शिवायला लागलो. आता आमची शॉर्ट्स घालून आरशासमोर सरळ उभं राहिलं तर पोटाशी जरा ओढल्यासारखी वाटते. गिऱ्हाईक लगेच "छोटी होतेय" म्हणतं. मी म्हणते, वाका. दुकानात स्टँडवर एक सायकल कायमची लावलेली आहे, तिच्यावर बसून बघितल्याशिवाय मी पैसे घेत नाही.

पॅडचं गणितही तेव्हाच उलटलं. जाडीपेक्षा फोमची घनता महत्त्वाची. हलका जाड फोम अंगठ्याला लोण्यासारखा लागतो, पण शरीराचं वजन दहा-पंधरा किलोमीटर त्यावर राहिलं की पापडासारखा चपटा होतो, आणि चपटा झाल्यावर असून नसल्यासारखा. घट्ट फोम हाताला कडक लागतो, पण तो तासन्‌तास टिकतो. तपासायचं तर दोन बोटांच्या चिमटीत धरून जोरात दाबा. पलीकडचं बोट लगेच लागलं तर ठेवून द्या. जेलचं पॅड लोकांना फार आवडतं. माझं मत वेगळं आहे. जेलमधून हवा जात नाही, मे महिन्यात इंदुरात अकरा वाजता ते किती तापतं हे घालूनच कळेल. फार जाड पॅडला तर दोन मांड्यांमध्ये जागाच नसते, पॅडलगणिक घासत राहतं.

यावरून आठवलं. दुकानदार पॅडला अजून शॅमी म्हणतात. ते शॅमॉय, युरोपातल्या डोंगरांतला बकरीसारखा प्राणी. पूर्वी पॅड म्हणजे त्याच्या कातड्याचा तुकडा असायचा, धुवून वाळला की कडक व्हायचा, म्हणून त्याला क्रीम चोळून मऊ करायचे. आज कातडं गेलं, क्रीम राहिलं. आता ते घर्षण कमी व्हावं म्हणून लावतात, दोन तासांच्या आत त्याची गरज नसते. खोबरेल तेल लावणारे आहेत, पण तेल फोममध्ये मुरतं आणि निघत नाही.

दुकानात कोपऱ्यात खोक्यांचे पुठ्ठे ठेवलेत. लाकडी स्टुलावर पुठ्ठा टाकायचा, त्यावर अर्धा मिनिट जरा पुढे वाकून बसायचं, उठलं की हाडांचे दोन खळगे दिसतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. बहुतेकांचं दहा ते चौदा सेंटिमीटरच्या आत येतं. मुळात ही सीटची रुंदी ठरवायची रीत, पण पॅडचा जाड भाग त्याच जागी हवा ना! गंमत म्हणजे इथे बसवल्यावर निम्म्या तक्रारी शॉर्ट्सच्या निघतच नाहीत, सीटच्या निघतात. सीट उंच असेल तर कंबर डावी-उजवी डोलते, मग कुठलंही पॅड घासणारच. टाच पॅडलवर ठेवून पाय खाली सरळ होतो का, ते आधी बघा. आणि जे रोज वीस मिनिटं ऑफिसला सायकलनं जातात त्यांना मी सरळ सांगते, तुम्हाला हे घ्यायची गरज नाही. मास्टर माझ्याकडे बघत राहतात.

बायकांचं माप वेगळं, हे मला माझ्याच अंगावर कळलं. २०२१ मध्ये मी स्वतः सायकल घेतली, चाळिशी उलटल्यावर. पुरुषांचं पॅड पुढे लांब आणि मागे अरुंद. बायकांची हाडं सहसा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे पॅड मागे रुंद हवं, पुढे आखूड. असं पॅड मिळवायला वर्ष गेलं, कारण पुरवठादार म्हणे एवढ्या बायका चालवतात कुठे. आता आमच्या विक्रीत बायका निम्म्याला आल्या आहेत. पण त्या दुकानात येऊन जो प्रश्न विचारायला घुटमळतात, तो इथेच सांगते. आत काही घालायचं नाही. पॅड थेट अंगाला लागलं पाहिजे. आतल्या कपड्याची शिवण आणि ओलावा, दोन्ही मिळून चट्टा उठवतात. पुरुषांनाही हेच, पण ते विचारत नाहीत, चुकीचं घालतात आणि परत येऊन माझ्याशी भांडतात.

आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल मात्र ही बाहेरून घालायची शॉर्ट्स नाहीच. एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. मैत्रिणींबरोबर ओंकारेश्वरला सायकलनं जायचं होतं, ऐंशीएक किलोमीटर. त्या म्हणाल्या, "पॅड हवंय, पण असलं अंगासरशी घालून मी चौकात पोह्याच्या गाडीवर उभी राहणार नाही." त्यांच्यासाठी जाळीच्या कापडाची, पॅड लावलेली आतली शॉर्ट्स शिवली. वरून आपली नेहमीची ट्रॅक पँट. वरच्या कापडाचा, छपाईचा, शॉर्ट्स वर सरकू नये म्हणून मांडीला लावतात त्या सिलिकॉन पट्टीचा खर्च वाचला, पॅड तेच. ५९० रुपयांत बसली. त्या जाऊन आल्या आणि पुढच्या आठवड्यात अकरा नगांची ऑर्डर दिली.

किंमत खाली ठेवायची तर पैसा पॅडवर आणि शिवणीवर घालायचा, दिसण्यावर नाही. आम्ही छापील डबा देत नाही, रंग काळा एकच, चेनचं ग्रीस दिसत नाही आणि उरलेलं कापड वाया जात नाही. पूर्ण शॉर्ट्स ९९० ला ठेवली, कारण तेव्हा हजाराच्या आतल्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आणि वर गेलं की १२. सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० झाली, म्हणून आता खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट्स हातात घेतली आहे. लांब जाणाऱ्यांना ती बरी, कंबरेला इलॅस्टिक रुतत नाही आणि पॅड हलत नाही. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतली लांब पल्ल्याची सायकल सफर, साडेतेरा तासांत पुरी करायची असते, तिथे हा फरक लागतो.

ऑनलाइन विकूनही पाहिलं. महिनाभर घालून परत केलेले नग यायला लागले. ते कुणाला विकणार? कात्रीनं फाडून टाकले आणि तो रस्ता बंद केला.

धुण्याबद्दल एकच. गार पाणी, कमी साबण, उलटी करून सावलीत वाळवा. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव्य टाकू नका, कापड घाम शोषायचं थांबतं. वर्षभरानं शॉर्ट्स उजेडासमोर धरून बघा. बुडापाशी पलीकडचं दिसायला लागलं की बदला. मागून येणाऱ्याला ते तुमच्या आधी दिसतं.

सध्या बायकांच्या बिबवर अडलोय. पट्टे खांद्यावरून जातात, म्हणजे वाटेत बाथरूमला जायचं तर जॅकेट, टी-शर्ट, सगळं उतरवा. पाठीमागे एक हूक लावून बघितला, तो पाठीला टोचतो. मास्टरांनी काल मानेमागून जाणारा एकच पट्टा कापून ठेवलाय, परकराच्या नाडीसारखा काहीतरी. रविवारी तो घालून उज्जैनला जाणार आहे.