दिसतंय तर सांगत का नाही?

परवा हळदीकुंकवाला परत तेच. वाण हातात ठेवता ठेवता तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, अगं तुला तर समोर स्क्रीनवर सगळं दिसतं ना, मग सांगायला काय जातं? त्यांच्या भाचीचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची टेस्ट, झाला होता कुठल्याशा प्रायव्हेट हॉस्पिटलात, तिथल्या मुलीनं म्हणे पाऊण तासात "डोळे मिटा, डोळे उघडा" याशिवाय अवाक्षर काढलं नाही. ती मुलगी मी नव्हते. पण उत्तर मीच द्यायचं, कारण बिल्डिंगमध्ये लोकांच्या डोक्याला वायरी लावणारी मी एकटीच.

बाकीचे प्रश्न आधी उरकून टाकते. नाही, शॉक देत नाही, ते वेगळं, आम्ही मेंदूत काही सोडत नाही. नाही, मनातलं दिसत नाही. २००८ मध्ये पुण्याच्या एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या लहरींची टेस्ट पुरावा म्हणून आली तेव्हापासून लोकांना वाटतं आम्ही सीआयडीतले, २०१० ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की माणसाच्या मर्जीविरुद्ध असल्या टेस्ट चालणार नाहीत, तरी माझे धाकटे दीर दर दिवाळीला विचारतात, वहिनी माझ्या डोक्यात काय चाललंय? त्यासाठी मशीन लागत नाही.

पण काकूंचा प्रश्न तसा नाही. तो अठरा वर्षं माझ्या मागे आहे आणि दर वेळी मी "नियम आहे हो" म्हणून सुटते.

नियम आहेच. रिपोर्ट डॉक्टर देतात, सही त्यांची, मी टेक्निशियन, माझं काम टेपनं डोकं मोजून एकवीस ठिकाणी खुणा करणं, कातडी घासून पेस्टनं इलेक्ट्रोड बसवणं (केसाला तेल लावू नका असं चिठ्ठीवर लिहून दिलं तरी अर्धी मुंबई चंपी करून येते), आणि समोर रेघा चालू झाल्या की त्या खऱ्या मेंदूच्याच आहेत ना हे बघत बसणं. हे शेवटचं लोकांना कळत नाही. मेंदूची वीज कवटी ओलांडून बाहेर येईपर्यंत मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात, उरलेली असते, शंभर मायक्रोव्होल्ट म्हणजे आमच्याकडे डोंगर. त्याच्यापुढे पंख्याची वायर, मोबाईल, दात आवळणं, मे महिन्यात एसी बंद पडला की आलेला घाम, सगळं मोठं दिसतं. आणि सगळ्यात फसवं म्हणजे आईचं थोपटणं. बाळ झोपावं म्हणून आई पाठीवर थोपटते ना, त्या ठेक्यात रेघा अशा काही उठतात की नवख्या माणसाला वाटेल फिटच चालू झाली. मग आम्ही लिहायचं, "आई थोपटतेय". मला शिकवणारे सर म्हणायचे, हान्स बर्गरनं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली रेघ काढली आणि छापली १९२९ ला, पाच वर्षं त्या माणसाला खात्री पटत नव्हती की हे मेंदूतलंच आहे, आणि तू दोन महिन्यांत पेशंटला निकाल सांगायला निघालीस?

हे झालं माझं नेहमीचं उत्तर. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे, पुष्कळ वेळा मला कळतं. पहिल्या पानातच कळतं. शाळेतली मुलं येतात, बाई म्हणतात लक्ष नसतं, मधेच हरवतो. त्यांना आम्ही तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, लहान असेल तर हातात भिरभिरं देतो, फुंक मार म्हणतो. फुंकता फुंकता पोरगं थांबतं, भिरभिरं थांबतं आणि स्क्रीनवर सेकंदाला तीन या हिशोबानं सुळके एकामागे एक, जणू कुणी छापेच मारतंय. तेवढ्यात मी एक शब्द बोलते, "कैरी". दहा-बारा सेकंदांत पोरगं परत फुंकायला लागतं. काय म्हटलं मी मगाशी? त्याला माहीत नसतं, ही पण एक फिटच. मागे स्टुलावर बसलेल्या आईला मात्र कैरी ऐकू आलेली असते. ती माझ्याकडे बघते आणि मी की-बोर्डकडे.

तर कळतं. मग सांगायला काय जातं?

एकदा सांगितलं होतं. २००९, नोकरीला दोन वर्षं झालेली, कॉन्ट्रॅक्टवर, उत्साह भारी. कुरियरवाला मुलगा होता, बावीस-तेवीसचा, घाबरून पांढरा पडलेला, म्हणाला ताई नोकरी जाईल हो. रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ आलं होतं आणि मला दया आली, म्हटलं काही नाहीये रे, एकदम नॉर्मल आहे. त्यानं ते घेतलं आणि रिपोर्ट न्यायला आलाच नाही. गोळी बंद केली. महिन्याभरानं बाईक चालवताना फिट आली, कॉलरबोन मोडलं, मागे बसलेल्या भावाच्या डोक्याला टाके पडले. फिट येणाऱ्या कितीतरी लोकांचा पहिला ईईजी नॉर्मलच निघतो, फिट नसताना मेंदू शांत असू शकतो, हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी लिहिलंही होतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी बोलावून एवढंच म्हटलं, तुझ्या नॉर्मलवर त्यानं गोळी सोडली. त्या दिवसापासून मी तोंड शिवलं. नुसतं तोंड नाही, चेहराही. कारण लोक चेहरा वाचतात, विशेषतः आयसीयूत, काचेपलीकडे उभे राहून, मशीनकडे बघतच नाहीत ते, माझ्या भुवयांकडे बघतात. भुवई न हलवता काम करायचं मी शिकले आणि मला त्याचा अभिमान होता, हे पण सांगून टाकते.

आता ते जे मी कुणालाच धड सांगितलेलं नाही.

२०१४, जुलैतला शनिवार. मुरबाडकडची मुलगी, वीस-एकवीसची असेल, सात महिन्यांचा मुलगा घेऊन, सोबत सासू. केस पेपरवर तीन महिन्यांची तारीख पडलेली कुणीतरी खोडून अलीकडची केलेली. बाळाची टाळू आजीनं सकाळीच तेलानं भरलेली, ती पुसण्यात माझी वीस मिनिटं गेली आणि मी थोडी खेकसलेही. झोपेचं औषध दिलं, बाळ झोपेना, आई मांडीवर घेऊन थोपटत होती. मी म्हटलं थोपटू नका. तिनं हात काढला, पण तो हवेतच राहिला, ठेवायचा कुठे ते कळेना.

रेघा चालू झाल्या. हे मला कसं सांगावं कळत नाही. झोपलेल्या बाळाच्या रेघांना एक चाल असते. इथे चालच नव्हती, उंच उंच, वेड्यावाकड्या, उजवीकडचं डावीकडच्याला ठाऊक नाही, एकवीस माणसं एका वेळी ओरडतायत असं. पुस्तकात एकदा बघितलं की विसरत नाही. मग बाळ जागं झालं आणि सुरू झालं, मान खाली, दोन्ही हात एकदम पुढे, सोडलं, परत मान खाली, परत हात. प्रत्येक झटक्याला त्या उंच रेघा अचानक दबायच्या, परत उसळायच्या. मी सतरा मोजले. यांना सलाम झटकेच म्हणतात, बाळ वाकून सलाम करतंय असं दिसतं म्हणून. सासू म्हणाली, हे असंच करतं उठल्यावर, पोटात मुरडा येतो, ओवा दिला. आई म्हणाली, आधी हसायचा ताई, आता हसत नाही.

मला माहीत होतं की याला वेळ महत्त्वाचा असतो, औषध जितकं लवकर तितकं बरं. मी रेसिडेंट डॉक्टरला फोन लावला, तो कॅज्युअल्टीत अडकलेला, म्हणाला सोमवारी मॅडमना दाखवू, फाईल वर ठेव. मी लाल पेननं अर्जंट लिहिलं आणि फाईल वर ठेवली. आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, डॉक्टर सांगतील, गुरुवारी या. नियमानं बघाल तर माझी काहीच चूक नाही. मी किती वेळा स्वतःची केस लढलेय, दर वेळी जिंकते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. चारला ड्युटी संपली, दादरला बदलापूर लोकल पकडली, लेडीज डब्यात चढले तर खिडकीपाशी तीच. ओळखीचं हसली. सरकून मला चौथी सीट दिली. म्हणजे बघा, जिच्यावर मी सकाळी तेलावरून खेकसले तिनं, मांडीवर बाळ असताना. त्यांना कल्याणला उतरून एसटी धरायची होती. दादर ते कल्याण पाऊण तास तरी जातो.

कुर्ला गेलं तेव्हा बाळ उठलं आणि परत तेच, मान खाली, हात पुढे. समोरची बाई म्हणाली, दचकतंय गं बाळ, संध्याकाळी मीठ-मोहरी ओवाळून टाक. दुसरी म्हणाली गॅस असेल, पालथं घाल. डब्यात चौघी-पाचजणी उपाय सांगत होत्या, माहीत एकीलाच होतं आणि ती मोबाईलमध्ये बघत होती. माझ्या त्या फोनला तेव्हा नेटही नव्हतं. ठाण्याला थोडी गर्दी उतरली तेव्हा तिनं हळूच विचारलं, ताई, तुम्ही म्हणलात डॉक्टर सांगतील, म्हणजे तसं काही नाही ना? मी म्हटलं, गुरुवारी या तुम्ही. ती म्हणाली, येतो की.

त्यांनी ऐकलं ते "काही नाही". मला तेव्हाच कळलं होतं. गप्प बसणं हेही एक उत्तर असतं आणि समोरचा ते आपल्याला परवडेल तसं घेतो, कुरियरवाल्यानं माझं बोलणं घेतलं होतं तसंच.

गुरुवारी आले नाहीत. मॅडमनी सोमवारी फाईल बघून लगेच बोलवा म्हटलं, केस पेपरवरचा नंबर शेजाऱ्याचा, तो बंद. लावणी चालू होती. गणपतीनंतर आले. मग इंजेक्शनं सुरू झाली, झटके थांबलेसुद्धा. पण त्याच्यापुढच्या वर्षी तिला मी फिजिओथेरपीच्या बाकावर बघितलं, मुलगा पावणेदोन वर्षांचा, मान अजून डगमगत होती. ती परत हसली.

मी मॅडमना विचारलं होतं, दोन महिने आधी आला असता तर? त्या म्हणाल्या, जन्मल्यावर उशिरा रडला होता, एमआरआयमध्ये डाग आहेत, तेव्हा आला असता तरी सांगता आलं नसतं. "सांगता आलं नसतं" या तीन शब्दांना मी लोंबकळत राहिले, डब्याच्या कडीला लोंबकळतात तशी. त्यांनी "फरक पडला नसता" असं म्हटलेलं नाही, हे मलाही कळतं.

नंतर कुठेतरी वाचलं की हा आजार जगाला पहिल्यांदा सांगितला तो वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं, १८४१ मध्ये लॅन्सेटला पत्र लिहून, आणि पेशंट त्याचा स्वतःचाच मुलगा. वाचून मला राग आला, का ते सांगता येत नाही.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, ट्रेनमध्ये, भर गर्दीत, काय सांगणार होतीस? आजाराचं नाव? आणि त्यांनी विचारलं असतं बरा होईल का, तर? बरोबर आहे तिचं. पण आजाराचं नाव सांगायची गरजच नव्हती ना. "गावाला जाऊ नका, सोमवारी सकाळी परत या, मी असेन." एवढंच. यात रिपोर्ट कुठे आला? हे वाक्य सुचायला मला दोन वर्षं लागली.

आता ते वाक्य बोलते. लहान मुलांच्या बाबतीत तर रेसिडेंट येईपर्यंत उठू देत नाही, वॉर्डबॉय मामांना पाठवून त्याला शोधून आणते, शिव्या खाते. म्हणजे मग सुटला ना प्रश्न, म्हणाल. मागच्या वर्षी एका रिक्षावाल्याला म्हटलं, दादा आज थांबा, डॉक्टरांना भेटूनच जा. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, बाहेर गेला आणि जिन्यात बसून गावी फोन लावला, म्हणाला संपलं सगळं, पोराला बोलवा. त्याचं काहीच संपलं नव्हतं, एक गोळी वाढवायची होती. पाऊण तास तो माणूस त्या जिन्यात मेल्यासारखा बसून होता, माझ्या त्या चांगल्या वाक्यामुळे.

काकूंना यातलं काहीच सांगितलं नाही. म्हटलं, नियम आहे हो. त्यांनी तिळगुळाची वाटी बाजूला ठेवली आणि ब्लाउजमधून मोबाईल काढला, भाचीचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला होता, मागे ग्राफची दोन पानं जोडलेली. बघ तरी, म्हणाल्या. चष्मा घरी राहिलाय म्हणणार होते, तो डोक्यावरच होता. बघितलं.

"डॉक्टरांची तारीख कधीची आहे?" मी विचारलं.

काकूंनी फोन घेतला नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे काय गं?"