बँड सॉचा भुसा, भाग दुसरा: टेबलाखालचं तोंड

बँड सॉचा भुसा ओढून घेणारा ब्लोअर तोच, पिशवी तीच, पाइपही बराचसा जुनाच. या वेळी बदलली ती फक्त भुसा पकडायची जागा. फरक एवढा पडला की ‘दोन एचपीचा ब्लोअर घ्यायचा का’ हा आमच्या घरात कधीपासून चाललेला विषय तूर्तास बंद झालाय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सामान सांगून टाकतो. चौदा इंची बँड सॉ (वरच्या आणि खालच्या चाकावरून पट्ट्यासारखं पातं फिरवणारं करवतीचं मशीन), ओतीव लोखंडाचा, दीड एचपी सिंगल फेज. एक एचपीचा पिशवीवाला ब्लोअर. जागा म्हणजे बडोद्यात मांजलपूरला घराला लागून असलेली पत्र्याची शेड, स्कूटरही तिथेच उभी असते. सध्या झोपाळ्याचं काम चाललंय. गावातलं एक जुनं घर उतरवलं, त्याच्या सागाच्या तुळया मिळाल्या, त्या चिरून फळ्या काढतोय. म्हणजे सहा इंच उंचीचा काप, इंचाला तीन दातांचं पातं आणि भुसाच भुसा.

किती भुसा? हिशेब सोपा आहे. मीटरभर लांब, दीडशे मिलिमीटर उंच आणि पात्याची वाट साधारण एक मिलिमीटर रुंद धरली, तर एका कापात दीडशे घनसेंटिमीटर लाकडाचा भुसा होतो. सागाच्या हिशेबाने शंभर ग्रॅमच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

आता हा भुसा जातो कुठे. पातं वरून खाली धावतं, चौदा इंची मशीनवर सेकंदाला पंधरा मीटरच्या घरात. दातांमधल्या खाचांत भुसा भरतो आणि पात्याबरोबर टेबलाखाली उतरतो. तिथे खालच्या गाइडची, म्हणजे पात्याला सरळ धरणाऱ्या भागाची, बेअरिंग्ज पात्याला घासून फिरत असतात, त्यांना आपटून बराचसा तिथेच चहूकडे उडतो. उरलेला खालच्या चाकावर जातो. त्यातला काही पातं आणि रबरी टायर यांच्यामध्ये दाबला जातो, काही त्या चाकाभोवतीच्या बंद खोक्यात पडतो, आणि थोडा हट्टी माल पात्याला धरून मागच्या बाजूने वर चढून थेट वरच्या चाकापर्यंत पोचतो.

आणि कंपनीने दिलेलं चार इंची तोंड कुठे? खोक्याच्या तळाशी, मागे. म्हणजे भुसा जिथे उधळतो तिथून फूट-दीड फूट लांब. इथेच सगळी गोम आहे. पाइपच्या उघड्या तोंडापासून पाइपच्या व्यासाइतकं लांब गेलं, की ओढीचा वेग तोंडाशी असतो त्याच्या दहाव्या हिश्शावर येतो. चार इंची पाइप असेल तर चार इंचांवरच निम्मीअर्धी नाही, जवळजवळ सगळी ओढ संपली. तळाशी पडलेला भुसा तो पाइप इमानाने नेतो, पण गाइडपाशी उडणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मोठा ब्लोअर आणला तरी हे गणित बदलत नाही. पाइपचं तोंड भुशापाशी नेणं एवढाच उपाय.

तर टेबलाखाली, खालच्या गाइडला वेढून बसेल असा एक छोटा हूड, म्हणजे भुसा पकडणारं आवरण, केला. साहित्य: ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा उरलेला तुकडा. उभा चिरला, हॉट एअर गनने गरम करून दोन प्लायमध्ये दाबला, सपाट पत्रा तयार. गरम करताना घाई नको. पीव्हीसी नुसतं मऊ पडायला हवं, करपलं की ॲसिडचा धूर सोडतं. हे काम अंगणातच करा. त्या पत्र्याला पुन्हा ऊब देऊन तीन बाजूंनी दुमडलं, पात्यासाठी समोरून खाच ठेवली आणि खाली ७५ चा कपलर बसवला. मुद्दाम प्लास्टिक घेतलं. पातं कधी भरकटून भिंतीला लागलंच तर दात बोथट होणार नाहीत आणि ठिणगीही पडणार नाही. बॉडीला लोहचुंबकांनी चिकटतो, त्यामुळे पातं बदलताना हात घालून नुसता ओढून घ्यायचा. स्क्रूने बसवला असता तर चार दिवसांत काढून कोपऱ्यात टाकला असता, स्वतःला ओळखतो मी.

हूडला ७५ चा पाइप, तळाच्या तोंडालाही ७५ चाच, आणि दोन्ही वाय-जोडातून ११० च्या मुख्य पाइपला. हे माप अंदाजपंचे नाही. गोल पाइपचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं: पंचाहत्तरचा वर्ग ५६२५, दोनदा मिळून ११२५०, एकशे दहाचा वर्ग १२१००. जवळजवळ बरोबरी. त्यामुळे मुख्य पाइपात हवा मंदावत नाही. लाकडाचा भुसा पाइपात तरंगत राहायला सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेग हवा, त्याखाली तो आडव्या पाइपात बसायला लागतो. कोणी ५० चा पाइप हूडला लावायचं सुचवलं होतं. मला नाही पटत. तो एकटाच असेल आणि मागे व्हॅक्यूम क्लीनर असेल तर ठीक. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ जोरकस पण हवा थोडी. ब्लोअरचं उलट, हवा भरपूर पण अडथळा सोसत नाही. ब्लोअरला बारीक पाइप म्हणजे गळा आवळणं. याच कारणाने वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप शेवटचा हातभरच ठेवलाय, बाकी सगळा गुळगुळीत एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप. एल्बोही नव्वदचा एक न घेता पंचेचाळीसचे दोन.

आता वादाचा मुद्दा. खालच्या खोक्याचं दार फोम लावून पूर्ण बंद करा, असं बहुतेक जण सांगतात. मी म्हणतो नका करू. हवा आत येईल तेवढीच बाहेर जाणार. खोकं घट्ट बंद केलं की ब्लोअर नुसता घरघरतो आणि आत भुसा तसाच पडून राहतो. उदबत्ती पेटवून बघा. दाराच्या फटींशी धरली की धूर कुठे आत जातो आणि कुठे नुसता घुटमळतो, ते डोळ्यांना दिसतं. माझ्याकडे धूर बिजागरीच्या बाजूने, म्हणजे पाइपच्या तोंडाला लागूनच आत शिरत होता. ती हवा चाकापर्यंत न जाता सरळ पाइपात पळायची. म्हणून तेवढी बाजू फोमने बुजवली आणि तोंडाच्या बरोबर समोर, दाराच्या खालच्या कोपऱ्यात, होल सॉने भोकं पाडली. आता हवा त्या कोपऱ्यातून शिरून चाकाखालचा तळ झाडत पाइपाकडे जाते. भोकांना आतून जाळी लावा, तुकडे बाहेर उडत नाहीत आणि बोटही आत जात नाही.

टायरसाठी जुना नायलॉनचा बुटांचा ब्रश कापून लावला. जागा महत्त्वाची: खालच्या चाकाच्या वरच्या अर्ध्यात, जिथे पातं चाकाला टेकलेलं नसतं. तिथे टायर उघडा असतो, ब्रश त्याला हलकेच टेकला की पुढच्या फेरीत पात्याखाली भुसा दाबला जात नाही. याचा फायदा धुळीपेक्षा कापात जास्त जाणवला. टायरवर भुशाचा थर बसला की पातं पुढेमागे चालतं, हे सांगायला नकोच.

निकाल. मघाचा शंभर ग्रॅमवाला काप घ्यायचा, मग शेडमधला आणि खोक्यातला सगळा भुसा झाडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा. (काटा पुसून परत ठेवायचा, ही अट वेगळी.) पूर्वी तिसऱ्या हिश्शाएवढा तरी बाहेर सापडायचा. आता टेबलाच्या वरचा धरून दोन-तीन चमचे. शेजारच्या बेनने बटाट्याची कातरी वाळत घातली होती, त्या म्हणाल्या, ‘‘भाई, आज मशीन बंद छे के?’’ मशीन चालूच होतं, आवाजही तोच होता. भुसा काय तो उडून त्यांच्या ओट्यावर गेला नव्हता.

मात्र काट्यावर मोजला जातो तो जाड भुसा. छातीत जाते ती बारीक धूळ, तिला वजनच नाही. लाकडाची धूळ १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात धरली जाते, आणि ती बारीक धूळ मशीन बंद केल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत असते. शेडमधला दिवा मालवून टॉर्च आडवा मारला की दिसते. माझी पिशवी साध्या कापडाची, ३० मायक्रॉनवाली. जाड भुसा अडवते आणि बारीक धूळ शेडमध्येच परत सोडते. तेव्हा एन ९५ मास्क काढायची वेळ अजून आलेली नाही. पुढचा खर्च करायचाच तर ब्लोअरवर न करता एक मायक्रॉनच्या फेल्ट पिशवीवर करणार, किंवा ब्लोअरच शेडबाहेर पत्र्याखाली नेणार. दुसरा मार्ग फुकटातला आहे, पण पावसाळ्यात पिशवी दमट होऊन कोंदते, त्याचा विचार चाललाय.

जुन्या तुळया चिरणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्या. अशा लाकडात तुटलेले खिळे हमखास असतात. पूर्वी पात्याला खिळा लागला तर ठिणगी बहुधा खोक्यातच विझायची. आता हूड तिला भर हवेत ओढून थेट भुशाच्या पिशवीत नेतो. तिथे ती धुमसत राहू शकते, आणि आग लागते ती आपण जेवायला गेल्यावर. म्हणून तुळई आधी जोरकस लोहचुंबकाने चाचपतो. खोल गेलेल्यांसाठी छोटा मेटल डिटेक्टर शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून मागून आणतो. कापताना कर्र झालं की आधी ब्लोअर बंद, मग सॉ. आणि रोज काम संपलं की पिशवी रिकामी करून भुसा बाहेर पत्र्याच्या डब्यात.

राहिलेलं काम: टेबल तिरकं केलं की हूडची उजवी भिंत ट्रुनियनला, म्हणजे टेबल ज्यावर कलतं त्या खालच्या कमानीला, अडते. पंधरा अंशांपर्यंत चालतं, पुढे हूड काढावा लागतो. ती भिंत सायकलच्या ट्यूबच्या रबराची करून बघणार आहे. वरच्या चाकाकडे चढणारा भुसा मात्र अजून तसाच आहे. पातं ज्या पोकळ खांबातून वर जातं, तिथे ब्रश बसवायला कोणाला नीट जागा सापडली असेल तर फोटोसकट कळवा.