चाळीस हजारांचा कॅमेरा

सासूबाईंच्या हिशेबात माझा कॅमेरा चाळीस हजारांचा आहे. हा आकडा मीच त्यांना सांगितला. बोरा बाजारातून परतताना, डोंबिवली लोकलमध्ये पिशवी पोटाशी धरून बसले असताना, मी तो ठरवला. आधी पंचवीस म्हणणार होते, पण पंचवीस हजारांची वस्तू कुणी एवढी जिवापाड जपून आणत नाही. साठ म्हटलं असतं तर 'तेवढ्यात फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही आलं असतं' हे ऐकावं लागलं असतं. दिवा स्टेशन येईपर्यंत चाळीसवर येऊन थांबले.

सोनीचा अल्फा सेव्हन फोर, मिररलेस, फुल-फ्रेम (म्हणजे उजेड टिपणारा आतला सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा), ३३ मेगापिक्सेल. नुसती बॉडीच तेव्हा अडीच लाखांच्या घरात होती. लेन्स वेगळी, आणि लेन्सबद्दल मी नवऱ्यालाही अजून पूर्ण खरं सांगितलेलं नाही. भिशी लागली, एक एफडी मोडली, आणि पन्नाशी जवळ आली की माणूस जे काही करतो ते मी केलं. बिलावर १८ टक्के जीएसटीची ओळ वेगळी छापलेली होती. २०१९ सुरू होण्याआधी डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के होता, म्हणजे मी चक्क दहा टक्के वाचवले, असं नवऱ्याला समजावलं. तो शाळेत भूगोल शिकवतो. त्याला पटलं.

खोट्या किमतीबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही, कारण ही विद्या मला सासूबाईंनीच दिली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आम्ही दोघी साड्या घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्या म्हणाल्या, "घरी निम्मी सांगायची. पुरुषांना किमतीतलं कळत नाही, उगाच त्यांचं जेवण बिघडतं." मी निम्म्याच्याही बरीच खाली उतरले, एवढंच.

घरी आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे फराळाचं सामान मोजायच्या काट्यावर कॅमेरा ठेवला. लेन्ससकट, पट्टा सोडून, एक किलो तीनशे वीस ग्रॅम. मिररलेस म्हणजे हलका, असं दुकानात सगळे सांगतात. हलकी असते ती बॉडी. चांगल्या लेन्सची काच हलकी करायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. दिवसभर गळ्यात घालून फिरलं की रात्री मानेला बाम लावावा लागतो.

"मिररलेस म्हणजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं, की आधीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरका आरसा असायचा. लेन्समधून आलेला उजेड तो वर ढकलायचा आणि तो आपल्याला डोळा लावतो त्या खिडकीत दिसायचा. फोटो काढताना आरसा फटकन वर व्हायचा, मागच्या सेन्सरवर उजेड पडायचा, आरसा परत खाली. माझ्या जुन्या, सेकंडहँड घेतलेल्या डीएसएलआरचा 'खटॅक' आवाज यायचा त्यात मोठा वाटा या आरशाचा. गंमत अशी, की आरसा वर असतो तेवढा वेळ खिडकीत अंधार. म्हणजे जो क्षण आपण टिपला तो नेमका आपण पाहिलेलाच नसतो. बारा वर्षं मी अशी न पाहिलेल्या क्षणांचे फोटो काढत होते. २००८ मध्ये पॅनासॉनिकनं हा आरसा काढून टाकलेला जी-वन आणला, २०१३ मध्ये सोनीनं ते फुल-फ्रेममध्ये केलं, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही फुल-फ्रेममध्ये त्याच वाटेनं आले.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीला डोळा लावला. जरा वेळानं म्हणाल्या, "हा तर टीव्ही आहे."

एवढ्या थोडक्यात मला कुणीच सांगितलं नव्हतं. टीव्हीच आहे तो, नखाएवढा, ३६ लाखांवर ठिपक्यांचा. फोटो जास्त उजळ होणार की काळपट, ते आधीच दिसतं. बटण दाबायच्या आत निम्मा निकाल हातात. पहिले दोन महिने मला याचं इतकं कौतुक होतं की मी फोटो कमी काढायचे आणि त्या खिडकीतून घरच जास्त बघायचे. कुकरची वाफ, खिडकीतली तुळस, पेपरमागचा नवरा. सगळं नुसत्या डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा जरा बरं दिसत होतं. नवरासुद्धा.

श्रावणात पेणला गेले. दिव्याहून रोह्याकडे जाणारी गाडी पकडली की डोंबिवलीकरांना पेण लांब नाही. गणपतीच्या एका कारखान्यात आधी विचारून ठेवलं होतं. मला आखणी बघायची होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी हे बाकीचे करतात. आखणीचा हात वेगळा असतो आणि तो हात चालू असताना आसपास कुणी फार बोलत नाही. म्हणून मी सायलेंट शटर लावलं. हा कॅमेरा ठरवलं तर अजिबात आवाज करत नाही. स्टुलावर बसलेला तो माणूस, चार केसांचा वाटावा असा ब्रश, ओठ घट्ट मिटलेले, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकलेली. मी काढत राहिले. दहा मिनिटांनी मान वर न करता तो म्हणाला, "ताई, काढायला लागलात की सांगा." तोवर माझे साठ फोटो झाले होते.

लोक त्या 'खटॅक'ची वाट बघतात, हे मला तेव्हा कळलं. आवाज आला की खांदे सैल सोडायचे, श्वास घ्यायचा, ही सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की आवाजच नसला तर माणूस ताटकळत राहतो. मला जरा चोरट्यासारखं वाटलं. मी शटरचा आवाज चालू केला. ते बरंच झालं, कारण घरी येऊन बघते तर त्या मुक्या साठांतल्या निम्म्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे. आवाज बंद केला की सेन्सर चित्र एकदम उचलत नाही, ओळीओळीनं वाचत खाली येतो. आणि कारखान्यात लावलेल्या स्वस्त एलईडी नळ्या सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, सेन्सरला कळतं. सायलेंट शटर म्हणजे सुख, असं दुकानात ऐकलं होतं. त्या सुखाला ट्यूबलाइट चालत नाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण त्याच दुपारी एक गंमत पाहिली. भिंतीच्या फळीवर गौरीचे आठ मुखवटे मांडले होते. तिघींचे डोळे झाले होते, पाचजणी अजून कोऱ्या. या कॅमेऱ्यात डोळा ओळखायची सोय आहे. माणसाचा चेहरा दिसला की डोळ्यावर एक बारीक चौकोन येऊन बसतो आणि फोकस तिथेच धरून ठेवतो. मी फळीवरून कॅमेरा फिरवला. चौकोन पहिलीवर बसला, दुसरीवर बसला, कोऱ्या पाचजणींना ओलांडून पुढे गेला आणि थेट शेवटच्या, डोळे असलेल्या गौरीवर जाऊन थांबला. नाक, ओठ, गाल सगळ्यांना सारखेच होते. मग आखणीवाल्यानं एक कोरा मुखवटा मांडीवर घेतला. मी त्याच्यावर कॅमेरा धरला; चौकोन त्याच्या डोळ्यावर. भुवई झाली. डावा डोळा झाला. चौकोन अजून त्याच्याच डोळ्यावर. उजव्या डोळ्यात त्यानं बाहुलीचा काळा ठिपका दिला, मुखवटा हातभर लांब धरून बघितला, तसा तो चौकोन त्याच्या चेहऱ्यावरून सटकला आणि गौरीच्या डोळ्यावर जाऊन बसला.

मी जवळ जाऊन त्याला मागच्या स्क्रीनवर दाखवलं. तो हसला नाही. ब्रश फडक्याला पुसत म्हणाला, "मशीनला कळलं म्हणजे बरे झालेत."

माझ्या वडिलांकडे आगफाचा क्लिक थ्री होता. काळा, डबीसारखा, एका रोलमध्ये १२ फोटो. गणपतीत तीन, दिवाळीत दोन, कुणाचं लग्न असेल तर चार, असे ते पुरवून पुरवून वापरायचे आणि रोल संपेपर्यंत वर्ष उलटायचं. 'हसू नका, रोल वाया जाईल' असं ते आम्हाला म्हणायचे, म्हणून आमच्या लहानपणीच्या फोटोंत आम्ही सगळे पोलीस ठाण्यात बसवल्यासारखे दिसतो. माझा कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढतो. त्यांचं एक वर्ष माझ्याकडे सव्वा सेकंदात संपतं. आणि तरी त्यांच्या त्या बारांतले अकरा चांगले यायचे, माझे हजारातले किती येतात ते विचारू नका. हार्ड डिस्क भरत चालली आहे.

आता पावसाळ्याचं सांगते. जून ते सप्टेंबर लेन्सचा शत्रू चोर नाही, फंगस आहे. दोन काचांच्या मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खाऊन टाकतात. आत गेलेली बुरशी फडक्यानं पुसता येत नाही. यासाठी विजेवर चालणारं कपाट मिळतं, आतली हवा कोरडी ठेवणारं. पण आणखी एक किंमत कमी करून सांगण्याची माझ्यात ताकद उरली नव्हती. मग घरात हवाबंद असं काय आहे ते बघितलं. पापडांचा डबा होता. मोठा, रबराच्या कडेचा, चारी बाजूंनी कड्या असलेला. सासूबाई देवळात गेल्या असताना मी पापड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात हलवले, पापडांच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या टाकल्या, एक छोटा आर्द्रतामापक ठेवला आणि कॅमेरा आत ठेवून कड्या लावल्या. काटा ४५ वर आला. फोटोवाले ४० ते ५० चांगलं म्हणतात. मी निर्धास्त झाले.

आठवड्याभरात पापड सादळले. सासूबाईंनी एक तळला, मोडून बघितला, तो मोडला नाही, वाकला. त्यांनी डबे शोधले, कड्या उघडल्या आणि काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी माझ्या बहिणीचा फोन आला तेव्हा त्यांनीच उचलला. "आमच्याकडे काय, कॅमेरा कुरकुरीत आहे. पापडांचं विचारू नकोस."

तेव्हापासून आमचा तह झाला आहे. नवा डबा आला, पापडांसाठी. सिलिका जेलचे निळे खडे ओल धरून गुलाबी झाले की मी ते एका टाकाऊ तव्यावर मंद आचेवर परत निळे करते. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून तो तवा स्वयंपाकघराच्या बाहेर, गॅलरीत, खुणेचा दोरा बांधून. सासूबाई जातायेता विचारतात, "भाजले का गं तुझे शेंगदाणे?"

मधे एकदा सगळं उघडं पडायची वेळ आली होती. मावससासूबाईंच्या नातवाला कॅमेरा घ्यायचा होता. सासूबाईंनी त्याला परस्पर सांगितलं, काकूनं घेतला तसाच घे, चाळीस हजारांत येतो, दुकान बोरा बाजारात. पोरगा चाळीस हजार घेऊन गेला. दुकानातून त्यानं मला फोन केला. आवाज इतका बारीक होता की आधी ओळखला नाही. "काकू, ते हसतायत."

मी त्याला म्हटलं, घरी सांग की काकूचा जुना आहे, वापरलेला, म्हणून स्वस्तात मिळाला. त्यानं तसं सांगितलं. मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं. तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सासूबाई चहाबरोबर सांगतात, "जुनाच घेतलाय हो तिनं. पण बरे निघतात फोटो." मी कोरा करकरीत, खोक्यातून काढलेला, पहिल्या दिवशी वास घेऊन बघितलेला कॅमेरा जुना म्हणून ऐकते आणि पाहुण्यांना साखर पुरे का विचारते.

गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "माझा एक चांगला काढ. पंचाहत्तरीचा." तीन वर्षांपूर्वी नातवाच्या मुंजीला घेतलेली पैठणी नेसल्या. जांभळी, पदरावर मोर. खिडकीजवळ खुर्ची ठेवली, उजेड डावीकडून. आवाज मुद्दाम चालू ठेवला. त्यांनी तीनदा हसून दाखवलं, चौथ्यांदा कंटाळल्या, तो सगळ्यात छान आला.

रात्री लॅपटॉपवर मोठा करून बघत होते. पापणीचा केस न् केस, कुड्यांतले मोती, कपाळावर चष्म्याचा वळ. मग खांद्यावर आले. तिथे पदराचा काठ जरासा उलटा दुमडला होता आणि मागची बाजू दिसत होती. मी आणखी मोठं केलं. मागच्या बाजूला एकही सुटा धागा नाही. मोर पुढून जसा, तसाच मागून. हातमागाची अस्सल पैठणी अशी असते. यंत्राच्या साडीत मागे धाग्यांचं जंगल दिसतं.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. "बरा आलाय," त्या म्हणाल्या.

"आई, ही पैठणी केवढ्याची?"

"ही? येवल्याहून आणली नाही का. असेल पाच-सहा हजारांची." त्या जरा वाकल्या, स्क्रीनवरच्या मोराकडे चष्म्यातून बघत राहिल्या. "आणि तुझ्या त्या चाळीस हजारांच्या जुन्या कॅमेऱ्यात एवढं सगळं दिसतं होय?"

"हो ना," मी म्हटलं. "नशीब म्हणायचं."

"नशीबच," त्या म्हणाल्या, आणि पापड भाजायला आत गेल्या.