सरकलं

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४. दसरा. टँपाची खाडी, फ्लोरिडा. मिल्टन वादळ येऊन गेलं, वीज अजून नाही.

ग्रुपवर मंगळवार रात्रीच्या गप्पांमध्ये एक करडी ओळ आहे : 'तुम्ही हा मेसेज हटवला.' चार दिवस झाले, मी वर वर जात तिथपर्यंत पोचते, बघते आणि परत येते. फोन गाडीत बसून चार्ज करावा लागतोय, गाडीत पेट्रोल पाव टाकी, आणि ती बॅटरी मी ह्यात घालवतेय.

मेसेज काही फार मोठा नव्हता. 'सरकलं! सरकलं!! खाली सरकलं!!!' आणि पुढे जोडलेले हात. तीन.

हटवला तोवर सगळ्यांनी वाचला होता. आमच्या सारसोटावालीनेही. तिने त्याच्याखाली एवढंच लिहिलं, 'हो, बघतेय.'

बस. एवढंच झालं. ह्याला म्हटलं तर म्हणतो, "तिच्या डोक्यात पण नसेल." नसेलही. तिच्या डोक्यात त्या रात्री प्लायवूड असणार. पण माझ्या डोक्यातून ते 'हो, बघतेय' जात नाही. इथून साठ मैल खाली सारसोटात बसून ती वादळाचा तोच नकाशा बघत होती. तीच रेघ, तिच्या घराच्या दिशेने खाली आलेली. आणि मी हात जोडले होते.

शनिवारपासून घरात सगळं पाच-अकरा-पाच-अकरावर चाललं होतं. पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५, रात्री ११. मायामीचं हरिकेन सेंटर ह्या वेळांना बुलेटिन काढतं, आणि ज्यांना सवय आहे त्यांना माहीत असतं की अकराचं दहा-पन्नासलाच येतं. आम्हाला सवय आहे. दहा-पंचेचाळीसपासून अंगठा पान खाली ओढत राहतो. तो पांढरा शंकू, मधली काळी रेघ. शंकू म्हणजे वादळाची रुंदी नव्हे, मध्य कुठून जाईल त्याचा अंदाज, तोही तीनातल्या दोन वेळा खरा ठरणारा. हे दरवर्षी टीव्हीवर घसा फोडून सांगतात. तरी आपण बघतो ती रेघच. रेघ कोणाच्या दारात, एवढंच.

सोमवारी ती आमच्या दारात होती. अगदी टँपाच्या खाडीच्या तोंडात. आणि सोमवारीच त्या मिल्टनला काय झालं कोण जाणे, सकाळी उठले तेव्हापासून दर तासाला आकडा वाढलेला. संध्याकाळपर्यंत वारा ताशी १८० मैल, दाब ९०० मिलिबारच्या खाली. मायामीचा तो जुना हवामानवाला दहा तासांत पन्नास मिलिबार उतरले हे सांगताना कॅमेऱ्यासमोर रडला. मी तेव्हा उभ्याने भात खात होते. ताट तसंच ठेवलं. एरवी ही माणसं वाऱ्यात उभी राहून हसत असतात हो. तो रडला म्हटल्यावर मग माझ्या पायातलं बळच गेलं. खाडीला दहा ते पंधरा फूट पाणी चढेल म्हणत होते. महापौरबाईंनी टीव्हीवर स्वच्छ सांगितलं, रिकामे करायला सांगितलेल्या भागात थांबलात तर मराल.

आमचा झोन बी, रिकामं करायच्या भागांतला. निघायचंच होतं.

रस्त्यावर आधीच्या हेलीन वादळाचा कचरा तसाच. दोन आठवडे झाले होते फक्त. भिजलेले सोफे, गाद्या, भिंतींचे उखडलेले तक्ते, कोणाचा तरी पियानो, सगळं घराघरांपुढे ढिगाने. हे सगळं आता उडणार, ह्या विचाराने शेजारचे आजोबा आपल्या ढिगावर मासेमारीचं जाळं बांधत होते. सत्तर-पंचाहत्तरचे असतील. मला म्हणाले, "तुमच्या दाराशी दोन वाळूच्या पिशव्या लावून ठेवल्यात." मी विचारलं, तुम्ही निघताय ना? त्यांनी हात हलवला. त्याचा अर्थ मला लागला नाही, आणि मी परत विचारलंही नाही. ते राहू दे.

सामान मीच भरलं. हा मीटिंगमध्ये. पासपोर्ट, इन्शुरन्सचे कागद, धाकटीचा पंप, चार दिवसांचे कपडे, आंघोळीच्या टबात पाणी, फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाच्या पिशव्या वरच्या कप्प्यात. का वरच्या कप्प्यात, देवाला माहीत. आईचा फोन आला तो, "समईचं काय करणार?" म्हणून. आम्ही निघतोय, पंधरा फूट पाणी म्हणतायत, आणि समईचं काय करणार. सहावी माळ सकाळीच चढवली होती. घट हलवायचा नाही, नंदादीप विझू द्यायचा नाही, हे मलाही कळतं. पण पेटता दिवा सोडून कसं जायचं? हा म्हणाला, "वादळात घर जळालं तर इन्शुरन्सवाल्याला कारण काय सांगू, नवरात्र?" शेवटी हॅलोविनच्या सामानातली बॅटरीवरची मेणबत्ती घटासमोर ठेवली. केशरी. लुकलुकणारी. तिच्यावर वटवाघूळ चिकटवलेलं होतं ते खरवडून काढलं, अर्धं निघालं. दारातून मागे वळून बघितलं आणि मला एकदम रडूच आलं. कोणाला म्हणून विचारावंसं वाटत नाही, तू कशी आहेस. समई कशी आहे ते विचारतात.

(हे लिहिताना पण जरा लाज वाटतेय. असो.)

रात्री वेस्ली चॅपलला, ह्याच्या ऑफिसातल्या त्यांच्या घरी. चार कुटुंबं, एक दिवाणखाना. मुलं ओळीने झोपलेली. मोठी माणसं हवेच्या गाद्यांवर आडवी, आणि दहा-पंचेचाळीसला अंधारात एकेका पांघरुणाखाली उजेड पडायला लागला. कोणी काही बोलत नव्हतं. मग कोपऱ्यातून कोणीतरी श्वास सोडला. रेघ सोमवारपेक्षा खाली होती. फोनवर म्हणाल तर नखभर. जमिनीवर तीसेक मैल.

नखभराने काय होतं ते आता पाठ झालंय. आपल्या अर्ध्या गोलात ही वादळं घड्याळाच्या उलट फिरतात. पश्चिम किनाऱ्यावर चढलं की वादळाच्या डोळ्याच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून येतो, पाणी ढकलत. उत्तरेला उलटं, वारा जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे रेघ तुमच्या खालून गेली की तुमच्या खाडीचं पाणी चढायचं सोडून ओसरतं, आणि खालच्याच्या घरात शिरतं. टँपाच्या खाली सारसोटा. मला हे तेव्हा, त्या उजेडात, अक्षरशः एका क्षणात दिसलं. आणि अंगठा आपोआप चालला. सरकलं. सरकलं. सरकलं.

ह्यात मला झोंबतंय ते वेगळंच आहे.

इथे नवीन आले तेव्हा घर आवडलं ते एवढ्याचसाठी की सूर्य समुद्रात बुडतो. आमच्या दिवेआगरला बुडतो तसा. पश्चिमेला समुद्र असला की मला दिशा कळतात. तर २०२० सालचा ३ जून. निसर्ग चक्रीवादळ. आदल्या दिवसापासून सगळ्या चॅनेलांवर मुंबई, मुंबई, मुंबई. आणि दुपारी ते चढलं कुठे, तर श्रीवर्धन-दिवेआगरला. मुंबईच्या खाली. त्या संध्याकाळी आत्तेबहिणीचा मेसेज आला बोरिवलीहून : 'देव पावला गं! खाली सरकलं. मुंबई वाचली.'

तेव्हा आमच्या घरचा फोन लागत नव्हता. दादाचा नाही, शेजारी नाही, कोणाचाच नाही. पाचव्या दिवशी दादा कुठल्याशा टेकाडावर रेंज शोधत गेला आणि त्याने फोन केला. दोन वाक्यं बोलला. "घर आहे. आगर नाही." पोफळी कंबरेत मोडल्या, माड आडवे. आजोबांनी लावलेल्या. पोफळ लावलं की फळायला सहा-सात वर्षं. दादाने त्याच पावसाळ्यात रोपं लावली, ती अजून फळाला आलेली नाहीत. महिनाभर वीज नव्हती, कौलं मिळत नव्हती, पत्र्यांचे भाव विचारू नका, वर तो कोरोना. आई म्हणते, आधी आगरात सकाळी ऊन यायचं नाही, आता तुळशीला दुपारपर्यंत सावली शोधावी लागते.

मी बहिणीला लिहिलं होतं. मोठा मेसेज. 'तुमची मुंबई वाचली म्हणजे आमचं दिवेआगर गेलं, एवढं तरी लक्षात असू दे.' वर आणखीही बरंच. हटवला नव्हता तो. हटवावासाही वाटला नव्हता. चांगला दोनदा वाचून, काना-मात्रा तपासून पाठवला होता. तिने उत्तर दिलं नाही. नंतर लग्नात भेटलो तेव्हा 'कशी आहेस', 'बरी आहे'. ती खरं तर चांगली मुलगी आहे. लहानपणी सुट्टीत आमच्याकडेच असायची, सुपाऱ्या वेचायला.

चार वर्षं मी त्या मेसेजची गोष्ट लोकांना सांगितलीय. मुंबईची माणसं कशी, म्हणून.

आणि मंगळवारी काय करणार होते मी? नकाशा बघून 'अरेरे' म्हणणार होते? दहा फूट पाणी माझ्या घरातून निघून तिच्या घराकडे चाललंय, मुलं शेजारी झोपलीयत, आणि मी सुटले. ह्याला दुसरा शब्दच नाही. सुटले. बरं, ही काही पहिली वेळही नाही. २०२२ साली इयान. तेही आधी टँपालाच येणार होतं, तेव्हाही गाडी भरली होती, तेव्हाही खाली सरकलं आणि फोर्ट मायर्सच्या बाजूला चढलं. शंभराहून जास्त माणसं गेली. त्या रात्री आम्ही काय केलं? पिझ्झा मागवला. मला चांगलं आठवतंय, कारण उघडं एकच दुकान होतं आणि दीड तास लागला. तेव्हा अजिबात काही टोचलं नाही. फोर्ट मायर्सला आमचं कोणी नव्हतं.

बुधवारी रात्री साडेआठच्या सुमारास ते सिएस्टा कीला चढलं. सारसोटाच्या दारातच. वाटेत जोर उतरला होता, तरी ताशी १२० मैल. तिचा शेवटचा मेसेज त्याआधीचा, 'लाइट गेली. नंतर बोलू.' टँपाच्या खाडीतलं पाणी ओसरलं, पुस्तकात लिहिल्यासारखं. पण पावसाने कोणाला सोडलं नाही, सेंट पीटर्सबर्गला अठरा इंच पडला आणि स्टेडियमचं छप्पर फाटून चिंध्या लोंबायला लागल्या. आणि माणसं गेली ती कुठे, तर पलीकडच्या किनाऱ्यावर, सेंट ल्युसीत. वादळ पोचायच्या कितीतरी आधी दुपारीच तिथे टोर्नेडो उठले. तिथली माणसंही आमच्यासारखीच रेघ बघत बसली असतील, आणि रेघ पार दुसऱ्या टोकाला होती.

गुरुवारी दुपारी तिचा मेसेज : 'आहोत. मागची जाळीची पडवी गेली. छप्पर थोडं. पाणी दाराशी येऊन थांबलं.' ग्रुपवर ढीगभर हात जोडले गेले. मी नाही जोडले. मला आता ते चित्र वापरायचीच भीती बसलीय.

काल घरी आलो. पिशव्या कोरड्या. आजोबा आहेत, जाळं सोडवत बसले होते, त्यांनी परत तसाच हात हलवला. घरात अंधार, फ्रीजरला वास, आणि देवघराच्या कोपऱ्यात ती केशरी मेणबत्ती अजून लुकलुकतेय. तीन दिवसांत पाणी नाही, काही नाही, तरी घटातलं धान वीतभर वर आलेलं, पिवळंधम्मक. आईला फोन केला. वाटलं आता ऐकावं लागणार. म्हणाली, "तीन माळा राहिल्यात ना, एकदम चढव. देवीला काय वादळ माहीत नाही?" मग म्हणाली, "तू जेवलीस का?" मी मंगळवारपासून ज्या वाक्याची वाट बघत होते ते हे, आणि ते आलं तेव्हा मी फ्रीजर पुसत होते, त्यामुळे रडायलाही नीट जमलं नाही.

आज सकाळी सारसोटाहून फोन. मेसेज नाही, फोन. "आमच्याकडे लाइट आली. हॉस्पिटलच्या लाइनवर आहोत ना. उद्या कपडे घेऊन या धुवायला. फ्रीजरमधलं टिकलं असेल ते पण आण."

मी म्हटलं, "अगं, मंगळवारी मी तो मेसेज..."

"कुठला?"

"तो हटवलेला."

"तो होय." ती जरा थांबली. मागे कुठेतरी ड्रिल चालू होतं. "बुधवारी सकाळी मी काय केलं माहितीये? देवासमोर बसून म्हटलं, अजून थोडं खाली. थोडंच. व्हेनिसला." म्हणजे सारसोटाच्या खालच्या गावाला.

"व्हेनिसला कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणून तर."

आम्ही दोघीही हसलो. बराच वेळ. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. ह्याने गाडीतून बाहेर डोकावून विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून. व्हेनिसला पाणी चढलं होतं, त्याचे फोटो दोघींनी पाहिलेत.

आत्याच्या मुलीचा मेसेज बुधवारपासून पडून आहे. 'सगळे बरे ना? आजूबाजूला कोणाचं काही नाही ना झालं?' आज तो मी नीट वाचला. 'देव पावला' लिहिलेलं नाही. लिहायला घेऊन खोडलं असणार, मी ओळखते तिला. चार वर्षांनी माझ्याशी बोलायचं तर आधी आजूबाजूला बघून घेते बिचारी.

मी लिहिलं, 'देव पावला गं. खाली सरकलं.' पाठवला. तिथे मध्यरात्र उलटलेली, एकच टिक आहे अजून.

कपडे दोन उशांच्या अभ्र्यांत भरलेत. खवलेल्या नारळाच्या सहातल्या चार पिशव्या वासावर गेल्या, दोन नेते. घट उठवला, निम्मं धान डब्यात घालून तिच्यासाठी. सारसोटापर्यंत साठ मैल आणि तेवढेच परत. पाव टाकीत एकदा तरी होईल, असं हा म्हणतो.