कोटला आणि कर्नल

परवा रात्री झोप येईना म्हणून जुने स्कोअरकार्ड उघडून बसलो (बायको म्हणते हा आजार आहे, असेल) आणि हेमू अधिकारींपाशी अडकलो. लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र अधिकारी, जन्म 1919 पुण्याचा, रणजी बडोद्याकडून आणि मग सर्व्हिसेसकडून (म्हणजे सैन्यदलांची टीम). आपल्या लक्षात ते 1971 च्या इंग्लंड दौऱ्याचे मॅनेजर म्हणूनच, म्हणजे वाडेकरांच्या टीमला फिल्डिंगसाठी पळवून पळवून घाम काढणारे कडक मिलिटरीवाले.

पण त्यांची बॅटिंग बघा ना राव. त्यांची टेस्टमधली एकमेव सेंचुरी, नाबाद 114, 1948 ला वेस्ट इंडिजविरुद्ध, दिल्लीत फिरोजशाह कोटला ग्राउंडवर. मग 1952, पाकिस्तानशी आपली पहिलीच टेस्ट, परत कोटला, नऊ विकेट पडल्यात आणि समोर शेवटचा गडी गुलाम अहमद. दोघांनी 109 जोडले! गुलाम अहमद 50 वर आउट, अधिकारी 81 वर नाबाद तसेच उभे. आपला दहाव्या विकेटचा हा रेकॉर्ड 2004 ला ढाक्यात सचिन-झहीरने मोडला, 52 वर्षांनी.

आणि मग 1959. वेस्ट इंडिजच्या त्या सिरीजमध्ये आपण कॅप्टन बदलत होतो की शर्ट तेच कळत नाही, उमरीगर झाले, गुलाम अहमद झाले, मंकड झाले, सलग तीन टेस्ट हरून झाल्या, आणि पाचव्या टेस्टला चौथे कॅप्टन म्हणून आले एकोणचाळीस वर्षांचे अधिकारी. ग्राउंड? कोटलाच. समोर हॉल आणि गिलख्रिस्ट, वेस्ट इंडिजचे तुफान फास्ट बॉलर, तेव्हा हेल्मेट वगैरे भानगड नव्हती. साहेबांनी 63 आणि 40 केले. बोर्डेंनी 109 आणि 96 मारले, सेंचुरीला चार कमी असताना स्वतःचेच स्टंप पाडून हिट विकेट झाले, असो, तो वेगळा विषय. मॅच ड्रॉ झाली, त्या सिरीजच्या मानाने लॉटरीच.

मला मजा वाटली ती बॉलिंगच्या कॉलमची. वेस्ट इंडिजने 8 बाद 644 ठोकले, आपले बॉलर दमले असणार, मग कॅप्टनने स्वतः लेगब्रेक (लेग स्पिन) टाकले आणि 68 रनमध्ये 3 विकेट काढल्या. करिअरमध्ये 21 टेस्ट, एकूण विकेट 3. तिन्ही याच मॅचमधल्या, आणि ही त्यांची शेवटची टेस्ट.